स्मरणरंजनाची दोन उड्डाणे : ‘टॉप गन : मॅव्हरिक’ (२०२२) नंतर ‘टॉप गन’चे (१९८६) पुनर्दर्शन

प्रस्तावना

एखाद्या लोकप्रिय चित्रपटाचा उत्तरभाग प्रदर्शित झाला की त्याचे परीक्षण ‘पहिल्यापेक्षा सरस की निरस’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. प्रस्तुत लेखाचा हेतू निराळा आहे. उत्तरभाग पाहून झाल्यावर मूळ चित्रपटाकडे परत गेले असता तो कसा दिसतो, त्यातील कोणत्या गोष्टी उजळतात आणि कोणत्या नजरेआड होतात, याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी टोनी स्कॉट दिग्दर्शित ‘टॉप गन’ (१९८६) आणि जोसेफ कोसिन्स्की दिग्दर्शित ‘टॉप गन : मॅव्हरिक’ (२०२२) या दोन अमेरिकी चित्रपटांची निवड केली आहे. दोहोंमध्ये ३६ वर्षांचे अंतर आहे, नायक तोच आहे आणि तो साकारणारा अभिनेता टॉम क्रूझही तोच आहे. जागतिक चित्रपटसृष्टीत असा योग वारंवार येत नाही.

आज महाविद्यालयांतून अध्यापन करणाऱ्या ज्येष्ठ पिढीने ‘टॉप गन’ बहुधा व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांनंतर रंगीत दूरदर्शन संच आणि त्यामागोमाग व्हीसीआर मध्यमवर्गीय घरांत व गल्लीबोळांतील व्हिडिओ पार्लरांत शिरला, त्या लाटेतील हा चित्रपट होय. त्याच्याविषयीची आत्मीयता ही त्या वयाविषयीची, त्या पडद्याच्या निळसर झगमगाटाविषयीची आत्मीयता आहे. समीक्षकाने ती नाकारण्याचे कारण नाही; परंतु तिचे परीक्षण करणे त्याला टाळता येत नाही.

‘स्मरणरंजन’ ही संज्ञा मराठी समीक्षेत आता रुळली आहे. तिच्या पाश्चात्त्य प्रतिशब्दाचा इतिहास मात्र आपल्या विषयाला अनपेक्षितपणे जवळचा आहे. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडविला, तो एका आजाराचे नाव म्हणून. घरापासून दूर गेलेल्यांना, विशेषतः परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस भाडोत्री सैनिकांना, हा आजार जडतो अशी समजूत पुढे दृढ झाली. म्हणजे स्मरणरंजन ही आरंभी सैनिकाची व्याधी होती. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार कल्पिले : हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारे पुनर्स्थापक स्मरणरंजन आणि ते घर आता नाही या जाणिवेतच रेंगाळणारे चिंतनशील स्मरणरंजन. २०२२ चा चित्रपट दुसऱ्याचा वेष घेऊन पहिल्याचे काम करतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची कारणे पुढे येतील.

विद्यालय, लेख आणि जाहिरात

चित्रपटाच्या नावामागे एक खरी संस्था आहे. व्हिएतनाम युद्धाच्या पहिल्या टप्प्यात अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांची हवाई द्वंद्वातील कामगिरी निराशाजनक ठरली. क्षेपणास्त्रे आली म्हणजे जवळून लढण्याची कला कालबाह्य झाली, असे तेव्हा गृहीत धरले गेले होते. इतके की नौदलाच्या एफ-४ फँटम विमानात तोफच बसविलेली नव्हती. प्रत्यक्षात डागलेल्या क्षेपणास्त्रांपैकी दहात जेमतेम एक लक्ष्य भेदत होते. कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांनी १९६८ मध्ये या अपयशाची चौकशी करून अहवाल दिला आणि त्याची परिणती म्हणून ३ मार्च १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोजवळच्या मिरामार तळावर नौदलाचे लढाऊ वैमानिकांचे विद्यालय सुरू झाले. युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात नौदलाचे हे प्रमाण एका विमानामागे शत्रूची सुमारे १२ विमाने इतके सुधारले, असे नौदलाचे आकडे सांगतात. १९९६ मध्ये हे विद्यालय नेव्हाडा राज्यातील फॅलन येथे हलविण्यात आले.

एहुद योनाय यांनी मे १९८३ मध्ये ‘कॅलिफोर्निया’ या मासिकात या विद्यालयावर लेख लिहिला. सोबत आकाशात टिपलेली विमानांची विलक्षण छायाचित्रे होती. निर्माते डॉन सिम्प्सन आणि जेरी ब्रुकहायमर यांना त्यात चित्रपट दिसला. दिग्दर्शक म्हणून त्यांनी निवडलेले टोनी स्कॉट हे मूळचे जाहिरातपटांचे दिग्दर्शक. साब या कंपनीसाठी मोटार आणि लढाऊ विमान यांची शर्यत लावणारा त्यांचा जाहिरातपट निर्मात्यांच्या नजरेत भरला होता. हा तपशील गमतीचा म्हणून सोडून देता येत नाही. ‘टॉप गन’ची दृश्यभाषा संपूर्णपणे जाहिरातीची आहे : पहाटेचा नारिंगी प्रकाश, वाफेतून पुढे येणाऱ्या आकृती, चकाकणारी कातडे आणि धातू, दर काही मिनिटांनी वाजणारे एखादे गीत. पॉलिन केल यांच्यासारख्या समीक्षिकेने तेव्हाच त्याला चकचकीत जाहिरात म्हटले होते. १९८७ मध्ये त्याची कॅसेट अमेरिकेत विक्रीस आली तेव्हा तिच्या आरंभी एका शीतपेयाची खरीखुरी जाहिरात जोडलेली होती. चित्रपट आणि जाहिरात यांच्यातील सांधा त्या कॅसेटवर शोधूनही सापडला नसता.

ज्याची ही जाहिरात होती त्या नौदलाने आपली जहाजे, विमाने आणि वैमानिक निर्मात्यांना उपलब्ध करून दिले. त्याबदल्यात निर्मात्यांनी भरलेली रक्कम, अशा सामग्रीच्या खऱ्या किमतीशी तुलना करता, नाममात्र होती. मोबदल्याचा मोठा भाग पैशात नव्हताच; तो पटकथेत होता. मूळ पटकथेत नायकाच्या सहकाऱ्याचा मृत्यू दोन विमानांच्या टकरीत होतो. नौदलाच्या आग्रहावरून तो विमान गिरकीत सापडून, आसनासह बाहेर फेकले जाताना होतो असे दाखविले गेले. नायिका मूळ मसुद्यात सैन्यदलातील स्त्री होती. वरिष्ठ-कनिष्ठांतील प्रेमसंबंध नियमबाह्य म्हणून तिला नागरी तज्ज्ञ करण्यात आले. या पात्राची प्रेरणा असलेल्या गणितज्ञ क्रिस्टीन फॉक्स पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या प्रभारी उपमंत्री झाल्या. नौदलाच्या अटी न मानणाऱ्यांचे काय होते, याचे उदाहरणही त्याच दशकात आहे. ‘ॲन ऑफिसर अँड अ जंटलमन’ (१९८२) या चित्रपटाला हे सहकार्य नाकारले गेले होते.

चित्रपटामुळे नौदलातील भरती ५०० टक्क्यांनी वाढली, असे विधान आजही सर्रास आढळते. एकूण भरतीच्या आकड्यांत अशी उडी दिसत नाही. परंतु चित्रपटगृहांबाहेर नौदलाने भरतीचे मंच मांडले होते, हे खरे आहे. दंतकथा खोटी असली तरी ती रचण्याची गरज का वाटली, हे त्यावरून कळते.

उत्तरभागाने काय जपले?

१९८६ च्या चित्रपटात मृत्यू आहे, शोक मात्र थोडका आहे. गूस हा नायकाचा सहकारी आणि जिवलग मित्र प्रशिक्षणात मरण पावतो. नायक काही काळ खचतो. चौकशी समिती त्याला निर्दोष ठरवते. शेवटच्या लढाईत त्याचा आत्मविश्वास परत येतो आणि मित्राची ओळखपट्टी तो समुद्रात फेकून देतो. कथेच्या हिशेबात गूसचा मृत्यू हा नायकाच्या मार्गातील अडथळा आहे. गूसची पत्नी कॅरोल आणि तिचा लहान मुलगा यांचे पुढे काय होते, याविषयी चित्रपटाला कुतूहल नाही.

उत्तरभाग नेमका तेथून सुरू होतो. तो लहान मुलगा, ब्रॅडली, आता स्वतः नौदलाचा वैमानिक आहे. नायकाने त्याच्या आईच्या इच्छेवरून त्याचा प्रवेशअर्ज काही वर्षे अडवून ठेवलेला आहे आणि हे कारण त्याला सांगितलेले नाही. दोघांमधील हा अबोल ताण २०२२ च्या चित्रपटाचा कणा आहे. तो पाहिल्यानंतर मूळ चित्रपटातील एक साधे दृश्य, खाणावळीतील पियानोवर गूस गात असतो आणि त्याचा मुलगा पियानोवर बसलेला असतो ते, पूर्वीसारखे पाहता येत नाही. त्या वेळी ते केवळ मौजेचे दृश्य होते. आता त्या मुलाच्या चेहऱ्याकडे लक्ष जाते. उत्तरभागाने मूळ कलाकृतीला परतभेट दिली आहे ती ही, आणि ती मोलाची आहे.

दुसरी भेट आइसमन या पात्राची. व्हॅल किल्मर यांनी १९८६ मध्ये साकारलेला हा थंड डोक्याचा प्रतिस्पर्धी उत्तरभागात ॲडमिरल झालेला आहे आणि गंभीर आजारी आहे. किल्मर यांना प्रत्यक्षातही घशाच्या कर्करोगाने ग्रासले होते, त्यांचा आवाज गेला होता. पडद्यावर तो संगणकाच्या कळा दाबून बोलतो आणि अखेरीस काही मोजकी वाक्ये कष्टाने उच्चारतो. या प्रसंगात अभिनय कोठे संपतो आणि माणूस कोठे सुरू होतो हे सांगता येत नाही. १ एप्रिल २०२५ रोजी किल्मर यांचे निधन झाले. मूळ चित्रपटातील आइसमनचा तोरा, त्याची दातांची करकर, त्याचे देखणेपण हे सारे आज पाहताना करुण वाटते, आणि ते करुणरस १९८६ च्या दिग्दर्शकाच्या खात्यावर नाही, काळाच्या खात्यावर आहे. उत्तरभाग टोनी स्कॉट यांनाच अर्पण केलेला आहे. त्यांचे निधन २०१२ मध्ये झाले.

तांत्रिक बाजूनेही हे पुनर्दर्शन उद्बोधक ठरते. १९८६ च्या चित्रपटासाठी नटांना एफ-१४ विमानाच्या मागील आसनावर बसवून चित्रण करण्याचा प्रयत्न झाला, पण गुरुत्वबलाचा मारा सहन न झाल्याने त्यातले फारच थोडे उपयोगी पडले; कॉकपिटमधील बहुतेक दृश्ये कार्यशाळेत घेतली गेली. उत्तरभागासाठी नटांना छोट्या विमानांपासून क्रमाक्रमाने तयार करण्यात आले आणि एफ-१८ सुपर हॉर्नेटच्या कॉकपिटमध्ये सहा कॅमेरे बसविण्यात आले. विमान नौदलाचा वैमानिकच चालवीत असे, क्रूझही त्याला अपवाद नव्हते. परंतु मागे बसलेल्या नटाच्या चेहऱ्यावरचे ताणलेले गाल खरे आहेत. एकूण चित्रण आठशे तासांहून अधिक झाले. आज परत जाऊन पाहता जुन्या चित्रपटातील हवाई लढतींत कोण कोठे आहे हे बहुतांशी कळतच नाही. तुकडे वेगाने जोडलेले आहेत आणि भूगोल प्रेक्षकाने कल्पायचा आहे. मूळ चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदविली पाहिजे. त्यातील आकाश खरे आहे, विमाने खरी आहेत आणि त्या चित्रणाची किंमतही खरी आहे : हवाई कसरतींचे छायाचित्रण करणारे वैमानिक आर्ट शोल १९८५ मध्ये चित्रीकरणादरम्यान पॅसिफिक महासागरात विमान कोसळून मृत्युमुखी पडले. चित्रपट त्यांना अर्पण केलेला आहे.

उत्तरभागाने काय गाळले?

स्मरण म्हणजे निवड. जाकीट, मोटरसायकल, समुद्रकिनाऱ्यावरचा खेळ, हॅरोल्ड फाल्टरमायर यांची धून, केनी लॉगिन्स यांचे गीत हे सारे उत्तरभागात जागच्या जागी आहे. विद्यालयाची माहिती देणारी आरंभीची अक्षरेही जवळपास तीच आहेत. तेथे पदवीधरांचा उल्लेख पूर्वी ‘पुरुष’ असा होता, तो आता ‘पुरुष आणि स्त्रिया’ असा झाला आहे. दोन शब्दांची ही भर एका फार मोठ्या घडामोडीवर पांघरूण घालते. १९९१ मध्ये लास व्हेगास येथील ‘टेलहुक’ मेळाव्यात नौदलाच्या वैमानिकांनी ८० हून अधिक स्त्रियांशी अतिप्रसंग केल्याचे प्रकरण उघडकीस आले, अनेक अधिकाऱ्यांची कारकीर्द त्यात संपली, आणि लढाऊ विमानांची दारे स्त्रियांना १९९३ मध्ये उघडली गेली. उत्तरभागात फीनिक्स ही स्त्री वैमानिक आहे, ती कुशल आहे आणि तिच्याकडे पाहण्याची पटकथेची दृष्टी निकोप आहे. मधल्या वर्षांत काय घडले याचा मागमूस मात्र तेथे नाही. जणू हे सारे आपोआप झाले.

मूळ चित्रपटाची नायिका चार्ली, म्हणजे केली मॅकगिलिस, उत्तरभागात नाही. तिचे नावही कोणी काढत नाही. गूसची पत्नी झालेल्या मेग रायन याही नाहीत, पटकथेने कॅरोलला आधीच मृत ठरविले आहे. नायक आणि त्याचा प्रतिस्पर्धी वयस्क होऊ शकतात आणि त्यांचे वय हा चित्रपटाचा विषय होऊ शकतो; त्या काळातील स्त्रियांना ती मुभा नाही. नव्या प्रेयसीचा, पेनीचा, उल्लेख मूळ चित्रपटात एका ॲडमिरलची मुलगी म्हणून ओझरता आला होता एवढाच. पुनर्दर्शनात त्यामुळे चार्ली अधिक लक्ष वेधून घेते. खगोलभौतिकीत उच्च पदवी असलेली, वैमानिकांना शिकविणारी, चुकीचा हल्ला वर्गात सर्वांसमोर चुकीचा म्हणणारी ही स्त्री जाहिरातीच्या चौकटीत पुरती मावत नाही. तिला चित्रपट न्याय देत नाही हे खरे, पण तिला विसरून जाण्याइतके ती क्षुल्लक नव्हती.

गाळलेल्या गोष्टींत आणखी एक उल्लेखनीय नाव आहे, ते मूळ लेखकाचे. योनाय यांच्या वारसांनी २०२२ मध्ये, लेखाचे स्वामित्वहक्क आपल्याकडे परत आले असल्याच्या आधारे, निर्मितीसंस्थेवर दावा लावला. लेखातील तथ्ये कोणाच्याही मालकीची नसतात, असा युक्तिवाद ग्राह्य धरून न्यायालयाने २०२४ मध्ये तो फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यही असेल. तथापि १९८६ च्या श्रेयनामावलीत ज्याचे ऋण मान्य केले होते, त्याला २०२२ मध्ये केवळ तथ्यांचा वाहक ठरविले गेले.

स्थळ : हिंदी महासागर

येथवरची चर्चा अमेरिकी समीक्षकांनीही कमीअधिक फरकाने केलेली आहे. भारतीय प्रेक्षकाला मात्र या चित्रपटात एक गोष्ट दिसायला हवी होती आणि १९८६-८७ मध्ये ती आपल्यापैकी फार थोड्यांना दिसली. चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर अक्षरे येतात : स्थळ हिंदी महासागर, काळ वर्तमान. अखेरची लढाईही तेथेच होते. अमेरिकेचे एक जहाज भरकटत ‘परकीय’ हद्दीत गेले आहे, त्याला वाचवायचे आहे. हद्द कोणाची, हे सांगितलेले नाही. ज्या समुद्राच्या काठी आपण राहतो तो समुद्र या कथेत निनावी शत्रूचा मुलूख आहे.

ज्या विमानवाहू नौकेवर ही दृश्ये चित्रित झाली तिचे नाव ‘एंटरप्राइझ’. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या निर्णायक दिवसांत अध्यक्ष निक्सन यांनी बंगालच्या उपसागराकडे धाडलेल्या ताफ्याचे नेतृत्व याच नौकेकडे होते. ‘सातवे आरमार’ हे शब्द ज्यांनी त्या डिसेंबरात रेडिओवर ऐकले, त्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही. ढाक्यातील शरणागतीच्याच दिवशी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हिंदी महासागर हे शांतताक्षेत्र असल्याचा ठराव संमत केला होता, हाही एक विलक्षण योगायोग. पंधरा वर्षांनी तीच नौका त्याच महासागराचे नाव घेऊन पडद्यावर आली, आणि पहाटेच्या प्रकाशात तिच्या धावपट्टीवरून झेपावणाऱ्या विमानांना पाहून आपण टाळ्या वाजविल्या. सौंदर्याची ही शक्ती मान्य केली पाहिजे. तिच्यापुढे स्मृती किती लवकर शरण जाते, हेही.

शत्रूच्या विमानांविषयी असेच म्हणता येईल. त्यांना चित्रपटात ‘मिग-२८’ म्हटले आहे. असे विमान कधी अस्तित्वात नव्हते. मिकोयान संस्थेच्या लढाऊ विमानांचे क्रमांक विषम असतात. पडद्यावर दिसतात ती काळ्या रंगात रंगविलेली अमेरिकी बनावटीची एफ-५ विमाने. त्यांतील वैमानिकांना चेहरा नाही, शिरस्त्राणाची काळी काच तेवढी आहे. महाराष्ट्रातील प्रेक्षकाच्या लेखी मात्र ‘मिग’ हा शब्द मुळीच परका नव्हता. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ विमानांची बांधणी होत असे; १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याने त्या परिसरातील दोन पिढ्यांना रोजगार दिला. मिग-२९ ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या लोहगाव तळावर दाखल झाले. ज्याच्या घरातील कोणी मिगचे सुटे भाग जुळवीत होते, त्यानेही काळे मिग पडताना समाधानाचा सुस्कारा सोडला असण्याचा पुरेपूर संभव आहे. भारतीय वायुदलातील शेवटची मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निवृत्त झाली. त्यांचे अपघात आणि त्यांत गेलेले तरुण वैमानिक हा आपल्या समाजाचा खरा ‘गूस’ आहे.

उत्तरभाग भारतात प्रदर्शित झाला त्याच सुमारास, मे-जून २०२२ मध्ये, चित्रपटातील नायकाचे विमान प्रत्यक्ष गोव्यात होते. बोइंग कंपनीची दोन सुपर हॉर्नेट विमाने भारतीय नौदलापुढे प्रात्यक्षिकासाठी दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर आली होती आणि तेथील उतरत्या-चढत्या सरावपट्टीवरून उड्डाणे करीत होती. अखेरीस भारताने फ्रान्सच्या राफेलची निवड केली व एप्रिल २०२५ मध्ये २६ विमानांचा करार केला. जाहिरात उत्तम असली तरी गिऱ्हाईक दरवेळी हाती लागतेच असे नाही!

शत्रू कोण, हा प्रश्न

उत्तरभागातील शत्रूलाही नाव नाही. त्याच्याजवळ डोंगरांच्या कुशीत बेकायदा युरेनियम समृद्धीकरण प्रकल्प आहे, अत्याधुनिक लढाऊ विमाने आहेत आणि जुनी एफ-१४ विमानेही आहेत. यातील शेवटचा तपशील बोलका आहे. एफ-१४ हे विमान अमेरिकेखेरीज एकाच देशाला विकले गेले : शहाच्या राजवटीतील इराणला. मागणी ८० विमानांची होती, त्यांपैकी ७९ इराणला मिळाली. १९७९ च्या क्रांतीनंतर ती तेथेच राहिली. अमेरिकी नौदलाने आपली एफ-१४ विमाने २००६ मध्ये निवृत्त केली आणि सुटे भाग इराणच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांतील बहुतेकांचे तुकडे केले. म्हणजे ज्या यंत्राभोवती १९८६ च्या चित्रपटाने आपले सारे सौंदर्य गुंफले, ते यंत्र उत्तरभागाच्या काळात केवळ संग्रहालयांत आणि ‘शत्रू’च्या हद्दीत उरले होते. नायक आणि ब्रॅडली शत्रूच्या तळावरून एफ-१४ पळवितात आणि त्यातून परत येतात, ही पटकथेची खेळी या दृष्टीने चतुर आहे. तारुण्य शत्रूच्या ताब्यात होते, ते चोरून परत आणले, इतका तिचा अर्थ सरळ आहे. पुनर्स्थापक स्मरणरंजनाचे याहून नेमके चित्र मिळणे कठीण.

अशा कथेत अणुप्रकल्पावरील हल्ला हा दरी-खोऱ्यांतून कौशल्याने केलेला, अडीच मिनिटांचा आणि वैमानिकाच्या धैर्यावर अवलंबून असलेला असावा लागतो. २२ जून २०२५ रोजी अमेरिकेने इराणच्या अणुप्रकल्पांवर प्रत्यक्ष हल्ला केला तेव्हा सात बी-२ बाँबफेकी विमाने मिसुरी राज्यातून निघाली आणि त्यांनी १४ महाकाय भूमिभेदी बाँब उंचावरून टाकले. त्यात कोणाच्या मित्राचा मुलगा नव्हता, दरी नव्हती, शेवटच्या क्षणी मिळालेले जीवदान नव्हते.

प्रस्तुत लेखकाच्या मते म्हणूनच मूळ चित्रपट अधिक प्रांजळ ठरतो. तो जाहिरात आहे आणि आपण जाहिरात असल्याचे लपवीत नाही. उत्तरभाग अधिक प्रगल्भ, अधिक सुघटित आणि अधिक हृदयस्पर्शी आहे. जगभरात सुमारे १४९ कोटी डॉलरचा व्यवसाय त्याने केला तो उगाच नव्हे. पण त्यातील शोक इतका खरा आहे की त्याच्या आडून येणाऱ्या युद्धाविषयी प्रश्न विचारणे असभ्यपणाचे वाटू लागते. सहकार्याच्या करारानुसार उत्तरभागाच्या संहितेचे परीक्षणही संरक्षण खात्याकडून झालेले आहे. चित्रपट-अभ्यासाच्या वर्गात हे दोन चित्रपट लागोपाठ दाखवावयाचे झाल्यास उत्तरभाग आधी आणि मूळ चित्रपट नंतर दाखवावा. विद्यार्थी तरुण आहेत, त्यांना १९८६ ची ओढ नाही, आणि उलट्या क्रमाने पाहिल्यास शोकाखालचे सांगाडे त्यांना सहज दिसतील.

या विमानाच्या इतिहासातील एक नोंद दोन्ही चित्रपटांत नाही. ३ जुलै १९८८ रोजी, ‘टॉप गन’ प्रदर्शित होऊन दोन वर्षे झाली असता, पर्शियन आखातात ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेने बंदर अब्बासहून दुबईला निघालेले इराण एअरचे एअरबस विमान क्षेपणास्त्राने पाडले. विमान वर चढत होते आणि नागरी उड्डाणाचा संकेत देत होते. नौकेवरील कर्मचाऱ्यांनी ते खाली झेपावणारे इराणी एफ-१४ असल्याचे मानले. त्यात २९० माणसे मरण पावली, त्यांपैकी दहा भारतीय होती. १९९६ मध्ये अमेरिकेने मृतांच्या वारसांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. २०२२ च्या चित्रपटात शत्रूच्या हद्दीतून एक एफ-१४ अमेरिकी ताफ्याकडे येऊ लागते तेव्हा नौकेवरील मंडळी पडद्यावरच्या ठिपक्याकडे पाहतात, क्षणभर गोंधळतात आणि आत आपलाच माणूस आहे हे अचूक ओळखतात.